गरज कोणाची, शब्द कोणाचे?

एखादी संगणक प्रणाली उभारावयाची झाली, तर पहिले काम संगणकाचे नसते. ती प्रणाली कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या परिस्थितीत वापरली जाणार आहे, हे आधी ठरवावे लागते. सॉफ्टवेअर व्यवसायात यास ‘रिक्वायरमेंट’ गोळा करणे म्हणतात. मराठीत त्यास गरजनिश्चिती म्हणता येईल. अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ सालीच असे प्रतिपादन केले होते की, सॉफ्टवेअरच्या कामात नेमके काय बांधावयाचे हे ठरविण्याइतके अवघड दुसरे काही नाही. चार दशकांनंतरही या मतास बाध आलेला नाही.

बँकेतील मंडळींना तर ते वेगळे पटवून देण्याचे कारणच नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. त्यानंतर जाडजूड खातेवह्यांच्या जागी लेजर पोस्टिंग मशीन आले, मग शाखेचा संगणक आला आणि पुढे सर्व शाखांना जोडणारी कोअर बँकिंग प्रणाली आली. प्रत्येक टप्प्यावर काउंटरवरील एखादा जुना जाणता कर्मचारी विचारी, ‘हे सर्व ठीक, पण अमुक प्रकारचे खाते आले तर काय करावयाचे?’ आणि त्या ‘अमुक’ची नोंद कोणत्याही कागदात नसे. ती त्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असे.

आता हे गरजनिश्चितीचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकांकडे सोपविले जाऊ लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले, आणि तेव्हापासून अशा साहाय्यकांची संख्या व क्षमता झपाट्याने वाढली. बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकून हा साहाय्यक टिपण काढतो, प्रश्नावली तयार करतो, आणि दोन ओळींच्या सूचनेवरून नीटनेटक्या मुद्द्यांचा बहुपानी मसुदा काही मिनिटांत पुढे ठेवतो. ज्या कामासाठी पूर्वी आठवडे लागत, ते एका दुपारी उरकते. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिची मर्यादा आजच स्पष्ट करून ठेवणे आवश्यक आहे. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या साहाय्यकास लेखनिक म्हणून जरूर नेमावे. ग्राहकाचा मुखत्यार म्हणून नेमू नये.

दारात येणारी बँक

गरज ओळखणे म्हणजे काय, याचे एक उत्तम उदाहरण भारतीय बँकिंगच्या इतिहासातच आहे. हातमाग विणकरांना आधार देण्याच्या हेतूने १९२५ साली उडुपी येथे कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट ही संस्था स्थापन झाली. डॉ. टी. एम. ए. पै हे तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ती देशभर ओळखली गेली आणि १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. या संस्थेने १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू केली. बँकेचा प्रतिनिधी रोज ठेवीदाराच्या दारी जाई आणि अगदी दोन आण्यांसारखी रक्कमही जमा करून घेई.

त्या काळातील बँकिंगची पुस्तके चाळून ही योजना सुचली नसती. ग्राहकाने बँकेत यावे, ही त्या पुस्तकांची गृहीत धरलेली रीत होती. रोजची कमाई रोजच हाती येते आणि संध्याकाळपर्यंत खर्चून जाते, अशा माणसाची गरज ‘व्याजदर जास्त हवा’ ही नव्हती. ‘पैसे खर्च होण्याआधी कोणीतरी येऊन ते घेऊन जावे’ ही होती. ही गरज विणकराने लेखी कळविली नसती. त्याच्या दिवसाचा क्रम ज्याला ठाऊक होता, त्यालाच ती दिसणे शक्य होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक नेमका याच ठिकाणी अडतो. त्याची घडण अफाट लिखित मजकुरावर झालेली असते आणि दिलेल्या संदर्भात कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक, या अंदाजावर तो उत्तर रचतो. त्यामुळे जगात जे वारंवार लिहिले गेले आहे, ते तो उत्तम सांगतो. जे कधी फारसे लिहिलेच गेले नाही, ते त्याच्या उत्तरात सहसा उमटत नाही. शिवाय जेथे माहिती नाही तेथे तो जागा कोरी ठेवीलच असे नाही. पुष्कळदा संभाव्य वाटेल असे काहीतरी भरून तो पुढे जातो. वाचणाऱ्यास ती फट दिसतच नाही.

एन्नोरचा किनारा

या फटीची किंमत काय असू शकते, हे समजून घेण्यासाठी चेन्नईच्या उत्तरेकडील एन्नोरकडे पाहावे. कोसस्थलैयार नदी येथे खाडीवाटे बंगालच्या उपसागरास मिळते. अशोक लेलँडचा वाहन कारखाना, औष्णिक वीज केंद्रे, खत व रसायनांचे उद्योग यांनी हा परिसर वेढलेला आहे. २००१ साली कार्यान्वित झालेले येथील बंदर हे देशातील कंपनी स्वरूपात चालविले जाणारे पहिले प्रमुख बंदर. २०१४ पासून ते कामराजर बंदर म्हणून ओळखले जाते. याच उद्योगांच्या सावलीत ‘कुप्पम’ म्हणजे कोळ्यांच्या वस्त्या आहेत, आणि खाडीच्या उथळ पाण्यात हाताने कोळंबी वेचून पोट भरणारी माणसेही आहेत.

डिसेंबर २०२३ हा महिना या वस्त्यांना फार जड गेला. मिचाँग चक्रीवादळाने आणलेल्या पुराबरोबर खाडीत तेल पसरले, होड्या आणि जाळी काळवंडली. तो धक्का ओसरतो न ओसरतो तोच, २६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास, जहाजातून खत कारखान्याकडे अमोनिया वाहून नेणाऱ्या समुद्रातील वाहिनीतून वायुगळती झाली. पेरियकुप्पम, चिन्नकुप्पम आदी वस्त्यांतील लोक झोपेतून उठून, डोळे व घसा जळत असताना, मुलाबाळांसह घराबाहेर पळाले. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राष्ट्रीय हरित लवादाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

समजा, अशा वस्तीसाठी धोक्याची पूर्वसूचना देणारी प्रणाली उभारण्याचे ठरले आणि गरजनिश्चितीचे काम एखाद्या साहाय्यकाकडे सोपविले. तो काय लिहील, याचा अंदाज करणे कठीण नाही. वायुमापक यंत्रे असावीत, नियंत्रण कक्षात पडदा असावा, नागरिकांच्या मोबाइलवर संदेश जावा, ॲप दोन भाषांत असावे, नोंदी सुरक्षित ठेवाव्यात. यातील एकही मुद्दा चुकीचा नाही. आणि तरीही ही यादी हाती घेऊन चिन्नकुप्पममधील एखाद्या आजीबाईंसमोर बसल्यास पाच मिनिटांत तिचे अपुरेपण कळेल.

मध्यरात्री घरातील मोबाइल कोणाच्या हाती असतो? वीज गेली असेल तर भोंगा कशावर चालणार? संदेशात ‘सुरक्षित स्थळी जावे’ असे लिहिले, पण ते स्थळ कोणत्या दिशेला? वायुगळतीत पळण्याची दिशा वाऱ्यावर अवलंबून असते. वारा वाहतो त्याच दिशेने धावणारा माणूस वायूबरोबरच धावत राहतो. पहाटे मासेमारीस निघालेल्या होडीने किनाऱ्याकडे परतावे की समुद्रातच थांबावे? अंथरुणास खिळलेल्या माणसाला कोण उचलणार? हे प्रश्न यादीबाहेर राहिले, तर प्रणाली कागदावर पूर्ण आणि वस्तीत निरुपयोगी ठरेल.

दोष केवळ यंत्राचा आहे, असे मात्र मुळीच नाही. याच एन्नोरच्या खाडीबाबत २०१७ मध्ये नकाशांचा वाद गाजला. केंद्राने १९९६ साली मंजूर केलेल्या किनारा क्षेत्राच्या नकाशात भरती-ओहोटीचे पाणी म्हणून दाखविलेली खाडी नंतरच्या एका नकाशात दिसतच नाही, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्यांनी घेतला होता. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक नव्हते. प्रत्यक्षात जे डोळ्यांसमोर वाहते आहे ते कागदावरून गळू शकते, आणि पुढचे निर्णय त्या कागदावरून होऊ शकतात, हा धोका फार जुना आहे. नवे एवढेच की, असा घोटीव आणि विश्वासार्ह दिसणारा कागद आता क्षणार्धात तयार होतो. पूर्वी अपुऱ्या अभ्यासाचा मसुदा बहुधा त्याच्या विस्कळीतपणावरून ओळखू येई. आता तोही सुबक भाषेत येतो.

ऐकू येते, पण बोलता येत नाही

कोळी बांधवांसाठी झालेल्या प्रत्यक्ष प्रयत्नांतूनही बरेच शिकण्यासारखे आहे. चेन्नई येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने मच्छीमारांसाठी ‘फिशर फ्रेंड’ ही मोबाइल सेवा विकसित केली. समुद्राची स्थिती, हवामान, मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे यांबरोबरच आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आल्यास इशारा देण्याची सोय तीत आहे. जगातील कोणत्याही मासेमारी ॲपची सर्वसाधारण यादी करताना हा सीमेचा मुद्दा ठळकपणे पुढे येईलच असे नाही. तामिळनाडूच्या मच्छीमारासाठी मात्र श्रीलंकेची सागरी हद्द नकळत ओलांडणे म्हणजे अटक आणि होडीची जप्ती. त्याच्या दृष्टीने ती सोय ऐच्छिक नसून पहिल्या क्रमांकाची आहे.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाने आणखी एक उणीव उघड केली. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाइलचा संपर्क तुटतो, आणि अनेक दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या होड्यांपर्यंत वादळाचा इशारा पोहोचू शकला नाही. यावर उपाय म्हणून हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ या महासागर माहिती सेवा केंद्राच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ते उपग्रहाद्वारे खोल समुद्रातही इशारा पोहोचविते. उणीव भरून निघाली, परंतु अर्धीच. कारण हे उपकरण संदेश घेते, पाठवू शकत नाही. ‘वादळ येत आहे’ हे होडीला कळते. ‘आमचे इंजिन बंद पडले आहे’ हे होडीला सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी संदेशवहन करणाऱ्या ट्रान्सपाँडरची राष्ट्रीय योजना त्यानंतर आली. एक लाख मासेमारी नौकांसाठीच्या या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी महाराष्ट्रात, पालघर येथे झाला.

एका दिशेचा संदेश ही त्या उपग्रह सेवेची तांत्रिक मर्यादा होती, हे मान्य. परंतु ही घटना गरजनिश्चितीस एक कसोटी देऊन जाते. कोणतीही प्रणाली आखताना ‘आम्ही त्यांना काय कळवावयाचे’ या प्रश्नाबरोबरच ‘त्यांना आम्हांला काय सांगावयाचे आहे’ हा प्रश्न विचारला गेला आहे काय? केवळ यजमान संस्थेची कागदपत्रे साहाय्यकास वाचावयास दिली, तर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर भरभरून मिळेल. दुसऱ्याचे उत्तर त्या कागदपत्रांत नसतेच.

वाऱ्याला नावे असतात

याचा अर्थ साहाय्यकास दूर ठेवावे असा नाही. किंबहुना योग्य जागी बसविल्यास तो या दुसऱ्या प्रश्नासाठीच फार उपयोगी पडेल. आजवर अशा चौकशा बहुधा इंग्रजीत झाल्या, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचे म्हणणे कोणीतरी मध्यस्थ आपल्या शब्दांत मांडीत आला. २०२२ साली केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रम सुरू केला. खुद्द चेन्नईतील आयआयटी मद्रासमधील ‘एआयफॉरभारत’ या गटाने घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांसाठी अनुवादाचे प्रतिमान तयार केले आहे. एन्नोरच्या कोळिणीने तमिळमध्ये बोलावे आणि पुण्यातील संगणक अभियंत्याने ते मराठीत वाचावे, हे आता कल्पनेतील चित्र राहिलेले नाही.

परंतु येथेही सावधपण हवे. तमिळ कोळी उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यास ‘वाडै’ म्हणतो आणि पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यास ‘कोंडल’. आपल्याकडेही समुद्रावरून येणारे ते खारे वारे आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. अनुवादात या सर्वांचा नुसता ‘वारा’ झाला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहील आणि गळतीच्या रात्री पळण्याची दिशा मात्र त्यातून नाहीशी होईल. म्हणून बोलणाऱ्याचे मूळ शब्द अनुवादाशेजारी जपून ठेवले पाहिजेत.

साहाय्यकाचा दुसरा उपयोग विरोधाभास शोधण्याचा. वस्तीने एक सांगितले, बंदराने दुसरे, अग्निशमन दलाने तिसरे. शेकडो पानांच्या टिपणांत हा मतभेद माणसाच्या नजरेतून सुटेल, यंत्राच्या नजरेतून सुटण्याची शक्यता कमी. मात्र मतभेद दिसल्यावर तो मिटविण्याचे काम त्याने करू नये. दोन म्हणण्यांची सरासरी काढून गुळगुळीत वाक्य लिहिणे ही त्याची सवय. आणि वाद कोठे आहे हे कळणे, ही तर प्रणाली आखणाऱ्याची मोठी गरज.

अंगठ्याआधीचे वाचन

मग व्यवहारात काय करावे? याचे उत्तर बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. बँकेच्या शाखांत ते वर्षानुवर्षे आचरणात आहे. लिहिता-वाचता न येणारा ग्राहक कर्जाच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यातील मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखविला जातो, समजावून सांगितला जातो, आणि तसे केल्याची नोंद साक्षीदाराच्या सहीने होते. कागद कोणीही लिहिलेला असो, त्याचा अर्थ ग्राहकापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याची संमती संमती ठरत नाही, हे या रिवाजामागील तत्त्व आहे.

हेच तत्त्व गरजनिश्चितीस लावावे. मसुद्यातील प्रत्येक ओळीसमोर ती कोणी सांगितली आणि केव्हा सांगितली, याची नोंद असावी. जी ओळ कोणीही सांगितलेली नाही, साहाय्यकाने स्वतः सुचविली आहे, ती वेगळ्या खुणेने दाखवावी. ती टाकून द्यावी असे नाही. कित्येकदा ती उपयुक्त सूचना असेल. पण ती सूचना आहे, मागणी नव्हे, हे वाचणाऱ्यास दिसले पाहिजे. मसुदा पूर्ण झाल्यावर तो संबंधितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा आणि ‘यात काय राहिले?’ असे विचारून थोडा वेळ गप्प बसावे. बरेच महत्त्वाचे मुद्दे त्या शांततेतच बाहेर येतात. आणि निदान एकदा तरी, ज्या वेळी प्रणाली वापरली जाणार त्याच वेळी, त्या ठिकाणी माणसाने जाऊन यावे. मध्यरात्रीच्या प्रणालीची चौकशी दुपारी अकरा वाजता वातानुकूलित दालनात पूर्ण होत नाही.

एवढा वेळ कोणाकडे आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, हा वेळ साहाय्यकानेच मिळवून दिलेला आहे. टिपणे उतरविणे, मुद्दे जुळविणे, मसुदा नीट मांडणे यांत जाणारे आठवडे वाचले; त्यांतील चार दिवस तरी माणसांत बसण्यासाठी खर्च करावेत. ते चार दिवसही वाचविण्याचा मोह झाला, तर उरलेली सारी बचत पुढे दुरुस्त्यांच्या खर्चात जमा होईल.

बँकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींचे भान हवे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यामुळे ग्राहकांच्या तक्रारी, खात्यांचे तपशील किंवा मुलाखतींची ध्वनिमुद्रणे सोयीचे म्हणून कोणत्याही बाहेरच्या साहाय्यकाच्या स्वाधीन करता येणार नाहीत. दुसरी गोष्ट उत्तरदायित्वाची. वित्तीय क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासंबंधी रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सात सूत्रांत लोकांना अग्रस्थान आणि उत्तरदायित्व यांचा समावेश आहे; कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या संस्थेलाच तिच्या परिणामांची जबाबदारी घ्यावी लागेल, असा त्याचा आशय आहे. ‘साहाय्यकाने तसे लिहिले होते’ हे स्पष्टीकरण ग्राहकासमोर टिकणार नाही.

ग्राहकांकडूनही एक अपेक्षा आहे. नव्या सेवेविषयी मत विचारले जाते तेव्हा ‘सर्व छान आहे’ असे लिहून सुटका करून घेऊ नये. पावसाळ्यात गावात नेटवर्क नसते, पेन्शनच्या दिवशी बोटांचे ठसे जुळत नाहीत, पडद्यावरील अक्षरे आईला दिसत नाहीत, अशा साध्या गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्यात. त्या कोणत्याही यंत्रास आपणहून सुचतील याची खात्री नाही, आणि ज्याला त्या भोगाव्या लागतात त्याच्याइतक्या नेमकेपणाने त्या दुसरा कोणी सांगू शकत नाही. कर्मचाऱ्याने त्या त्याच शब्दांत टिपाव्यात, मसुद्यात त्याच शब्दांत ठेवाव्यात, आणि प्रणाली तयार झाल्यावर पहिल्यांदा त्याच ग्राहकाला दाखवाव्यात.